कमांड-लाइन टूलला स्वतःच्याच फाइल्स का सापडत नाहीत, आणि विंडोज, मॅक, लिनक्सवर त्या कशा शोधाव्यात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं टूल तुम्ही पायथनमध्ये लिहिलंय, प्रत्येक फॉन्टची मॅपिंगची फाइल 'तक्ते' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलीय. तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर प्रोजेक्टच्या फोल्डरमधून झकास चालतं, पण दुसऱ्या फोल्डरमधून चालवलं की 'फाइल नाही' म्हणतं. ऑफिसातल्या विंडोज मशीन्सना पायइन्स्टॉलरने (पायथनचा प्रोग्राम इएक्सईत बांधणारं टूल) एक-फाइल इएक्सई करून दिली तर तक्ते सापडतात पण लोकांनी स्वतः भरलेले दुरुस्तीचे शब्द दर वेळी गायब होतात. आणि मॅकवाल्या सहकाऱ्याने पाथमधल्या (म्हणजे शेल कमांड जिथे शोधतो त्या यादीतल्या) फोल्डरात सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारं नाव, टाकून चालवलं तर परत 'फाइल नाही'. म्हणून तुम्ही विचारताय की तिन्ही ओएसवर चालेल असा 'माझा प्रोग्राम कुठे आहे' हे सांगणारा एकच कॉल आहे का.

एकच कॉल नाही. प्रत्येक ओएसचा वेगळा आहे, भाषांच्या लायब्ररी तो झाकून देतात, ते खाली सांगतोच. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी फक्त तिसरी 'प्रोग्राम कुठे आहे' या प्रश्नाची आहे. पहिलीत तुम्ही चालू फोल्डरला (टूल चालवताना ज्यात उभे आहात त्याला) प्रोग्रामचं फोल्डर समजताय, दुसरीत जिथे लिहायचंच नाही तिथे लिहिताय. त्यामुळे तो जादूचा कॉल सापडला असता तरी तीनपैकी दोन दुखणी तशीच राहिली असती.

आधी फाइल्स वेगळ्या करा, कारण 'माझ्या फाइल्स' असं म्हणताना आपण चार भलत्याच गोष्टी एका पिशवीत भरतो. टूलसोबत तुम्ही पाठवता आणि वापरणारा हात लावत नाही असे तक्ते. वापरणाऱ्याच्या सेटिंग्ज आणि त्याचे दुरुस्तीचे शब्द. टूल स्वतः तयार करतं ते कॅशे, लॉग वगैरे, जे उडालं तरी कुणी रडत नाही. आणि वापरणारा कमांडवर नाव देतो ती इनपुट-आउटपुट फाइल. यातल्या फक्त पहिल्या प्रकारालाच प्रोग्रामच्या जागेशी देणंघेणं आहे. दुसरा आणि तिसरा वापरणाऱ्याच्या होम फोल्डरशी बांधलेला, आणि चौथाच तेवढा चालू फोल्डरशी. चौथ्याच्या बाबतीत 'शहाणपणा' करू नका, म्हणजे कुणी 'लिपी बातमी.टीएक्सटी' असं टाइप केलं (तुमच्या टूलला मी इथे लिपी म्हणतो) तर ती बातमी तो उभा आहे त्याच फोल्डरमध्ये शोधायची. काही लोक सुरुवातीलाच चेंज-डिर करून (चालू फोल्डर बदलून) प्रोग्रामच्या फोल्डरात जातात म्हणजे तक्ते सापडावेत, तक्ते सापडतात पण मग वापरणाऱ्याची बातमी हरवते.

चालू फोल्डर हा प्रोग्रामचा गुणच नाहीये, ज्याने प्रोग्राम सुरू केला त्याच्याकडून तो वारसाहक्काने येतो. टर्मिनलमधून चालवलं तर तुम्ही जिथे आहात ते. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) चालवलं तर साधारण युजरचं होम. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) सिस्टम सर्व्हिसमधून, काही सांगितलं नसेल तर, थेट रूट म्हणजे नुसता '/'. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा सोडला तर सिस्टम३२. म्हणून 'तक्ते/अमुक' असा साधा रिलेटिव्ह (चालू फोल्डरपासून मोजलेला) पाथ ओपनला दिला की तो तुमच्या लॅपटॉपवर चालतो तो निव्वळ योगायोग.

आता तिसरी तक्रार, म्हणजे प्रोग्राम स्वतः कुठे आहे. बहुतेक जण पहिल्यांदा आर्गव्ही शून्य बघतात, म्हणजे प्रोग्रामला मिळणाऱ्या आर्ग्युमेंटच्या यादीतली पहिली नोंद, जिथे सहसा त्याचं नाव असतं. तो नुसता एक शिष्टाचार आहे. प्रोग्राम सुरू करणारा जे लिहील ते तिथे असतं, कर्नल त्याची खातरजमा करत नाही. शेलमध्ये तुम्ही नुसतं 'लिपी' टाइप केलं आणि शेलने पाथमध्ये शोधून चालवलं तरी आर्गव्ही शून्यात 'लिपी' एवढंच येतं, फोल्डरचा पत्ता नाही. लॉगिन शेलच्या आर्गव्ही शून्यात तर '-बॅश' असं डॅश लावलेलं नाव असतं, ही जुनी प्रथाच आहे. बिझीबॉक्स (एकाच फाइलमध्ये अनेक कमांड भरलेला प्रोग्राम) तेच नाव बघून ठरवतो की आत्ता एलएस व्हायचं की ग्रेप व्हायचं, म्हणजे तिथे ते जाणूनबुजून पत्ता नसून भूमिका असते. आणि ते रिकामंही असू शकतं. २०२२ च्या जानेवारीत पीकेएक्झेक या लिनक्सवर दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधला पीडब्ल्यूएनकिट नावाचा मोठा सुरक्षेचा बग बाहेर आला तो नेमका यातूनच, कुणीतरी आर्ग्युमेंटची यादी पूर्ण रिकामी देऊन प्रोग्राम चालवला आणि पीकेएक्झेकने गृहीत धरलं होतं की किमान एक तरी असणारच. त्यानंतर लिनक्स ५.१८ पासून कर्नल रिकाम्या यादीत स्वतःच एक रिकामी स्ट्रिंग घालतो. तेव्हा आर्गव्ही शून्य हेल्पमध्ये 'वापर: लिपी ...' असं छापण्यापुरतं ठीक, फाइल शोधायला नको.

ओएसला विचारायचं तर लिनक्सवर /प्रॉक/सेल्फ/इएक्सई ही सिमलिंक रीडलिंकने वाचायची. सी मध्ये वाचत असाल तर रीडलिंक शेवटी शून्य बाइट लावत नाही, तो आपण लावायचा, ही ठेच नवीन माणसाला हमखास लागते. यात अजून दोन खाचा आहेत. एक, चालू असताना पॅकेज अपग्रेड झालं आणि जुनी फाइल पुसली गेली तर त्या पाथच्या शेवटी कंसात 'डिलीटेड' असं शेपूट येतं, म्हणून पाथ सुरुवातीलाच एकदा काढून ठेवावा, दोन तासांनी गरज पडल्यावर नाही. दुसरी, तुटपुंज्या सीएचरूटमध्ये (एखाद्या फोल्डरलाच रूट मानून चालवलेल्या वातावरणात) /प्रॉक माउंट केलेलंच नसतं, तिथे हा रस्ता बंद.

मॅकवर एनएस-गेट-एक्झिक्युटेबल-पाथ नावाचं फंक्शन आहे, डीवायएलडीच्या हेडरमध्ये. बफर लहान पडला तर उणे एक देतं आणि किती हवा ते सांगतं, म्हणजे दोनदा बोलवायचं. मात्र ते देतं तो 'एक' पाथ असतो, खरा पाथच असेल असं नाही, त्यात सिमलिंक असू शकते. त्यामुळे त्यावर रिअलपाथ चालवायचं. लिनक्सवाला ही पायरी विसरतो कारण त्याच्याकडे /प्रॉक आधीच सिमलिंक सोडवून देतं, आणि मग टूल मॅकवर गेलं की तुमच्या सहकाऱ्यासारखी गत होते. त्याच्या केसमध्ये भाषा पायथन असली तरी घोळ तोच आहे, त्यावर येतोच.

विंडोजवर गेट-मोड्यूल-फाइल-नेम, आणि त्याचं डब्ल्यूवालंच रूप वापरा, एवाल्याच्या वाटेला जाऊ नका. याचं कारण आपल्यासाठी जरा जास्तच जवळचं आहे. एवालं रूप सिस्टमच्या जुन्या कोड पेजमधून (मोजक्याच अक्षरांच्या जुन्या एन्कोडिंगमधून) मजकूर देतं, आणि मराठी-हिंदीसाठी विंडोजमध्ये तसं कोड पेज मुळात कधी नव्हतंच, देवनागरी तिथे फक्त युनिकोडमधूनच आहे. त्यामुळे कुणी मशीन पहिल्यांदा लावताना युजरचं नाव 'सुनीता' असं देवनागरीत टाइप केलं असेल तर सी:\युजर्स\सुनीता या फोल्डरचा पाथ एवाल्या फंक्शनातून सी:\युजर्स\?????? असा येतो आणि पुढे काहीच सापडत नाही. मराठी मजकुराचं टूल वापरणारी माणसं युजरनेमही मराठीत ठेवण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, तेव्हा हे टेस्ट कराच. तुमचा पायथन ३.६ किंवा पुढचा असेल तर पाथच्या बाबतीत तो आतून बरोबर वागतो, पण सी मधल्या एखाद्या जुन्या लायब्ररीला पाथ दिलात तर तिची खात्री नाही. शिवाय लांबी, २६० अक्षरांचा जुना मॅक्स-पाथ गृहीत धरून बफर घेऊ नका, कॉल जर बफरच्याच आकाराएवढा आकडा परत देत असेल तर पाथ कापला गेलाय असं समजून बफर वाढवून परत विचारा.

बीएसडीवाले तुमच्याकडे नसतील तरी सांगून टाकतो. फ्रीबीएसडीवर सिसकंट्रोलमधून पाथ मिळतो, /प्रॉक तिथे सहसा माउंटच नसतं. सोलारिसला गेट-एक्झेक-नेम आहे. ओपनबीएसडीवर असा अधिकृत रस्ताच नाही, आर्गव्ही शून्य आणि पाथ यावरून अंदाज बांधा नाहीतर बिल्ड करतानाच पाथ पक्का करा.

गो मध्ये हे सगळं ओएस.एक्झिक्युटेबल करून देतं, १.८ पासून आहे, रस्टमध्ये करंट-इएक्सई. दोघांच्याही डॉक्युमेंटेशनमध्ये सिमलिंकबद्दल हात वर केलेत, कधी सोडवलेला पाथ मिळेल कधी नाही, त्यामुळे सोडवायचं काम आपल्याकडेच.

पण थांबा, तुमचं टूल स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्टच्या बाबतीत ओएस जे सांगतं ते इंटरप्रिटरबद्दल असतं. /प्रॉक/सेल्फ/इएक्सई विचारलंत तर उत्तर येईल पायथन३, तुमची लिपी नाही. नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारा इंटरप्रिटर) प्रोसेसच्या एक्झेक-पाथमध्येही नोडचाच पत्ता असतो. म्हणून स्क्रिप्टच्या भाषेत भाषेची स्वतःची सोय वापरायची, पायथनमध्ये डंडर-फाइल (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावलेलं 'फाइल'), नोडमध्ये डंडर-डिरनेम किंवा नव्या पद्धतीत इम्पोर्ट.मेटा, विंडोजच्या बॅच फाइलमध्ये %~डीपी०, पॉवरशेलमध्ये पीएस-स्क्रिप्ट-रूट. नोडमधल्या इम्पोर्ट.मेटा.यूआरएलला नुसता 'फाइल://' कापून पाथ समजू नका, त्यात स्पेसचं %२० झालेलं असतं आणि देवनागरी नावाची तर टक्केवारीची माळ, त्याच्यासाठी फाइल-यूआरएल-टू-पाथ आहे ते वापरा.

पायथनच्या डंडर-फाइलची गोष्ट अशी की ३.९ च्या आधी मुख्य स्क्रिप्टसाठी तो रिलेटिव्हही असायचा, मध्येच चेंज-डिर केलं की संपलं. ३.९ पासून ॲब्सोल्यूट झाला, पण सिमलिंक अजूनही सोडवत नाही. म्हणजे /यूएसआर/लोकल/बिन/लिपी या सिमलिंकने चालवलं तर डंडर-फाइल म्हणतो मी /यूएसआर/लोकल/बिनमध्ये आहे, आणि तिथे 'तक्ते' कुठून असणार. तुमच्या मॅकवाल्याचं हेच झालंय अशी माझी जवळजवळ खात्री आहे. पाथलिबचा पाथ घ्या, त्यावर रिझॉल्व्ह करा, मग पेरेंट. मात्र रिझॉल्व्ह आधी, पेरेंट नंतर, उलटं केलं की सिमलिंक ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर सोडवलं जातं, फाइल नाही.

बॅशमध्ये कुणी हे करत असेल तर डॉलर-शून्यऐवजी बॅश-सोर्स बघावं, कारण फाइल 'सोर्स' केली असेल तर डॉलर-शून्यात शेलचं नाव येतं. आणि 'रीडलिंक -एफ' हे लिनक्सवाले डोळे मिटून लिहितात, मॅकवर ते १२.३ मध्ये म्हणजे २०२२ साली आलं, जुन्या मॅकवर त्याला हा फ्लॅगच माहीत नाही.

सिमलिंक नेहमीच सोडवायची का? याचं उत्तर परिस्थितीनुसार बदलतं. सोबतचे तक्ते शोधायला सोडवायची. पण स्वतःचा पाथ कुठेतरी लिहून ठेवायचा असेल, क्रॉनटॅबमध्ये, शेलच्या प्रोफाइलमध्ये, एडिटरच्या सेटिंगमध्ये, तर सोडवायची नाही. मॅकवर टूल्स टाकणाऱ्या होमब्रू या पॅकेज मॅनेजरचं बघा, ॲपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रू/बिन/लिपी ही सिमलिंक ../सेलर/लिपी/१.४.२/बिन/लिपी कडे जाते. मधला १.४.२ नीट बघा. सोडवलेला पाथ क्रॉनटॅबमध्ये लिहिलात तर पुढच्या अपग्रेडला १.४.३ येईल, जुनं फोल्डर साफ होईल आणि क्रॉन मुकाट्याने मरेल, महिनाभर कुणाला कळणारही नाही. उलट न सोडवता तक्ते शोधलेत तर होमब्रूच्या बिनमध्ये शोधत बसाल. म्हणून मी कोडमध्ये दोन वेगळी फंक्शन्स ठेवतो, एक 'डेटा कुठे आहे' आणि एक 'मला परत कसं बोलवायचं', दोघांना एकच उत्तर द्यायचा मोह टाळतो. विंडोजवर स्कूप आणि चॉकलेटी हे पॅकेज मॅनेजर शिम नावाची छोटी इएक्सई ठेवतात, ती खऱ्या इएक्सईला चाइल्ड म्हणून सुरू करते, त्यामुळे तिथे आपल्याला खरा पाथ आपसूक मिळतो. विंगेट मात्र पोर्टेबल टूल्सना सिमलिंक करतं, म्हणजे 'विंडोजवर सिमलिंक कोण वापरतं' असं म्हणून सोडून देऊ नका.

प्रोग्राम सापडला, आता त्याच्यापासून तक्ते किती लांब? विंडोजवर सगळे इएक्सईच्या शेजारीच ठेवतात, तिथली तीच रीत. युनिक्सकडे प्रोग्राम बिनमध्ये आणि डेटा शेअरमध्ये, म्हणजे बिनच्या एक पायरी वर जाऊन शेअर/लिपी. डेबियनसारख्यांचे पॅकेज करणारे तर शेजारी ठेवलेला डेटा स्वीकारणारच नाहीत, /यूएसआर/बिनमध्ये तक्त्यांचं फोल्डर कोण ठेवू देईल. जुनी सी ची पद्धत म्हणजे कॉन्फिगर करताना प्रीफिक्स (टूल ज्या मूळ फोल्डरात बसणार ते) द्यायचा आणि /यूएसआर/लोकल/शेअर/लिपी हा पाथ बायनरीतच कोरून टाकायचा. डिस्ट्रोसाठी ते आजही सगळ्यात भक्कम आहे, पण फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं की गेलं. गिटने यात मध्यम मार्ग काढला, रनटाइम-प्रीफिक्स नावाचा बिल्डचा पर्याय आहे, तो चालू असेल तर गिट स्वतःची जागा बघून बाकीचे पाथ काढतं. गिट फॉर विंडोज कुठल्याही फोल्डरात झिप सोडवून चालतं ते त्यामुळेच, आणि २०१८ च्या २.१८ पासून तो पर्याय युनिक्सच्या बिल्डलाही मिळाला. 'गिट --एक्झेक-पाथ' टाइप करून बघा, त्याने स्वतःचे मदतनीस प्रोग्राम कुठे धरलेत ते छापतं.

माझा क्रम असा असतो. आधी एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल, समजा लिपी_तक्ते, तो दिला असेल तर तोच आणि तो चुकीचा असेल तर सरळ एरर, गुपचूप पुढच्या जागेवर घसरायचं नाही. मग सोडवलेल्या प्रोग्रामच्या शेजारी. मग एक पायरी वर शेअरमध्ये. मग बिल्डच्या वेळी कोरलेला पाथ असेल तर तो. चालू फोल्डर या यादीत कुठेच नाही, आणि हे मुद्दाम आहे, कारण कुणीतरी दिलेल्या झिपमध्ये 'तक्ते' नावाचं फोल्डर असेल आणि तुम्ही त्याच्यात उभे राहून टूल चालवलंत तर त्याचे तक्ते लागू होतील. तक्त्यांनी फार तर मजकूर बिघडेल, पण हीच सवय प्लगइनला लावलीत तर दुसऱ्याचा कोड तुमच्या नावाने चालेल.

आता एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल हे करायलाच हवं का. तुमच्या केसमध्ये, खरं सांगायचं तर, नाही. तुमचे तक्ते थोडक्या केबीचे आहेत, वापरणारा ते बदलत नाही, मग ते वेगळ्या फाइल म्हणून शोधायची गरजच काय, प्रोग्रामच्या पोटात घाला. गो मध्ये १.१६ पासून एम्बेड आहे, रस्टमध्ये इन्क्लूड-बाइट्स, पायथनमध्ये तक्ते पॅकेजच्या आत ठेवा आणि इम्पोर्टलिब.रिसोर्सेसच्या फाइल्स या फंक्शनने वाचा, ३.९ पासून आहे. पॅकेज पिपने टाकलेलं असो, झिपमध्ये असो की पायइन्स्टॉलरने बांधलेलं असो, वाचणारी ओळ तीच राहते, फक्त बांधताना तक्ते डेटा म्हणून समाविष्ट करायला विसरू नका, पायइन्स्टॉलर पायथनच्या इम्पोर्टवरून शोधत जातो, नुसत्या टेक्स्ट फाइलचा माग त्याला लागत नाही. डेटा शेकडो एमबीचा असेल, किंवा टूलपेक्षा वेगळ्या वेळापत्रकाने बदलत असेल, किंवा एखाद्या दुसऱ्या प्रोग्रामला त्या फाइलचा खरा पाथच द्यायचा असेल, तेव्हा पोटात घालणं जमत नाही आणि वरची सगळी उठाठेव करावी लागते.

एक जोडीचं सांगतो, कारण हे लोक पाथचाच बग समजतात. विंडोजवर तक्ता सापडतो पण वाचताना 'चारमॅप' असं काहीतरी बडबडून पायथन कोसळतो. तो पाथचा दोष नाही, ओपनला एन्कोडिंग सांगितलं नाही की पायथन सिस्टमचं कोड पेज धरतो, आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर बहुधा १२५२, आणि तुमचा तक्ता यूटीएफ-८ मध्ये. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहा.

दुसरी तक्रार, गायब होणारे शब्द. पायइन्स्टॉलरची एक-फाइल इएक्सई चालवली की ती आधी स्वतःला टेम्पमध्ये एमईआय आणि पुढे आकडे अशा नावाच्या फोल्डरात सोडवते, तिथून पायथन चालतो, आणि काम संपलं की ते फोल्डर पुसून टाकते. सिसमधल्या एमईआयपासमध्ये त्या फोल्डरचा पाथ असतो आणि डंडर-फाइलही तिकडेच बोट दाखवतो. तुमचं टूल लोकांचे शब्द 'तक्त्यांच्या शेजारी' लिहितंय म्हणजे त्या टेम्पमध्ये लिहितंय, आणि पुढच्या वेळी नवं कोरं फोल्डर. तिथे लिहिताना एररही येत नाही, म्हणून लोकांना वाटतं टूल विसराळू आहे. इएक्सई स्वतः जिथे ठेवलीय तो पत्ता हवा असेल तर बांधलेल्या अवस्थेत तो सिस.एक्झिक्युटेबलमध्ये मिळतो, पण शब्द तिथेही लिहू नका. प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, आणि काही जुन्या ३२-बिट प्रोग्रामांच्या बाबतीत विंडोज ते लिखाण हळूच व्हर्च्युअल-स्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतं, मग एका युजरने भरलेले शब्द दुसऱ्याला दिसत नाहीत आणि कुणालाच कळत नाही का.

लिहायच्या फाइल्सची जागा ओएसने ठरवून दिलीय. लिनक्सवर एक्सडीजी नावाच्या स्पेकची पद्धत, सेटिंग्ज ~/.कॉन्फिग मध्ये, डेटा ~/.लोकल/शेअर मध्ये, कॅशे ~/.कॅशे मध्ये, आणि २०२१ पासून लॉग-इतिहास यासाठी ~/.लोकल/स्टेट. प्रत्येकाचा एक्सडीजीने सुरू होणारा व्हेरिएबल असतो, तो दिलेला असेल तर तो आधी, पण त्यात रिलेटिव्ह पाथ असेल तर दुर्लक्ष करायचं असं स्पेकमध्येच आहे. विंडोजवर ॲप-डेटा आणि लोकल-ॲप-डेटा, यातला पहिला रोमिंगवाला, डोमेनच्या ऑफिसात युजर दुसऱ्या मशीनवर बसला तर त्याच्यासोबत जाऊ शकतो, म्हणून शब्द त्यात आणि कॅशे लोकलमध्ये, उलटं केलंत तर लॉगिनला गाडाभर कॅशे इकडून तिकडे फिरेल. मॅकवर अधिकृत जागा होममधल्या 'लायब्ररी' फोल्डरातलं ॲप्लिकेशन सपोर्ट, पण कमांड-लाइनची बरीच टूल्स मॅकवरही ~/.कॉन्फिग वापरतात कारण टर्मिनलमधला माणूस तिथेच शोधतो आणि डॉटफाइल्सचा बॅकअपही तिथलाच असतो. यावर भांडणं होतात. माझं मत, टूलला खिडकी नसेल तर ~/.कॉन्फिग, पण काय ते एकदाच ठरवा, मध्येच बदललंत तर जुनी जागाही वाचत बसावी लागते. पायथनमध्ये हे हाताने लिहू नका, प्लॅटफॉर्मडिर्स नावाची लायब्ररी आहे, गो मध्ये ओएस.युजर-कॉन्फिग-डिर. ही दोन्ही मॅकवर ॲप्लिकेशन सपोर्ट देतात, तेवढं एक स्वतः वळवायचं की नाही ते बघा.

होम म्हणजे काय हाही एक प्रश्नच. सिस्टमडीच्या सिस्टम सर्व्हिसमध्ये युजर दिला नसेल तर होम हा व्हेरिएबल नसूही शकतो, मग काही प्रोग्राम रिकाम्या होमला '/.कॉन्फिग' जोडून मोकळे होतात. सुडोने (रूटच्या अधिकाराने) चालवलं तर काही सिस्टमवर होम रूटचं होतं आणि मॅकसारख्या ठिकाणी तुमचंच राहतं, म्हणजे तुमच्या ~/.कॉन्फिग मध्ये रूटच्या मालकीची फाइल तयार होते आणि दुसऱ्या दिवशी बिनसुडोचं टूल ती लिहू शकत नाही. होम मिळालं नाही तर स्पष्ट एरर द्या, अंदाज करू नका.

शेवटचं काम छोटं आहे पण सपोर्टचा निम्मा ताप त्याने जातो. 'लिपी पाथ्स' अशी एक कमांड द्या, तिने प्रोग्रामचा पाथ सोडवलेला आणि न सोडवलेला, तक्ते कुठून घेतले, शब्दांची फाइल, कॅशे आणि चालू फोल्डर एवढं छापावं. आणि 'फाइल सापडली नाही' या एररमध्ये शोधलेल्या सगळ्या जागा पूर्ण पाथसकट एकाखाली एक छापा. नुसतं 'तक्ता नाही' असं आलं की ऑफिसातला माणूस फोन करतो, यादी आली की निदान स्क्रीनशॉट पाठवतो. टेस्ट करताना टूल नावात स्पेस असलेल्या फोल्डरात ठेवा, देवनागरी नावाच्या फोल्डरात ठेवा, सिमलिंकने चालवा, '/' मध्ये उभं राहून चालवा, लिहायची परवानगी नसलेल्या फोल्डरातून चालवा.

तुमच्यापुरतं आधी तक्ते पॅकेजच्या आत घाला आणि इम्पोर्टलिबने वाचा, शब्द प्लॅटफॉर्मडिर्सने मिळणाऱ्या युजर-डेटाच्या फोल्डरात हलवा, याने तिन्ही तक्रारी मिटायला हव्यात. मॅकवर तरीही अडलं तर सहकाऱ्याला त्या सिमलिंकवर 'एलएस -एल' करायला सांगा आणि स्क्रिप्टची पहिली ओळ इथे टाका. तिथे एन्व्ह पायथन३ असेल तर त्याच्या मशीनवर कुठला पायथन३ आधी सापडतो, होमब्रूचा, ॲपलच्या टूल्सबरोबर आलेला की व्हर्च्युअल एन्व्हमधला, ते बघावं लागेल, कारण पॅकेज एकात टाकलेलं आणि चालतोय दुसरा असं असेल तर पाथचा कोड कितीही बरोबर लिहिला तरी तक्ते त्या पायथनला दिसणार नाहीत.